दप्तरांतील चित्ता आणि माळावरील चित्ता

जुन्या कागदांतील माणसांचीं नांवें पारखून घेण्याची शिस्त आपल्याकडील संशोधकांत आतां चांगली रुजली आहे. एकाच नांवाचे आजा व नातू एका दप्तरांत भेटतात, एकाच गांवाचें नांव तीन परगण्यांत आढळतें, हें ध्यानांत ठेवूनच कोणीहि वंशावळ किंवा महजर लावावयास बसतो. जनावरांच्या नांवांविषयीं मात्र ही दक्षता क्वचितच दिसते. कागदांत वाघ म्हटला कीं वाघ आणि चित्ता म्हटला कीं चित्ता असें समजून आपण सूचींत तो शब्द उतरून घेतों व पुढील कागदाकडे वळतों. वस्तुतः 'चित्ता' या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न श्वापदांचा इतिहास मिसळून गेला आहे. आणि त्यांपैकीं एक श्वापद विसाव्या शतकाच्या मध्यास या देशांतून समूळ नाहींसें झालें. ता. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबिया देशांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या अरण्यांत ठेवण्यांत आले. तेव्हांपासून या प्राण्याच्या पूर्वेतिहासाची चर्चा पुष्कळ होऊं लागली आहे, आणि तींत जुने ग्रंथ व जुनीं चित्रें यांचे हवाले सढळ हातानें दिले जातात. त्या हवाल्यांवरून असा एक समज पसरला आहे कीं, या देशांत मनुष्य आणि चित्ता हे आठशें वर्षें एकमेकांच्या सहवासांत सुखानें नांदले व पुढें बंदुकीनें तो सहवास मोडला. हा समज कागदांवर कितपत टिकतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा घोळ पाहूं. संस्कृत 'चित्रक' म्हणजे ज्याचें अंग चितारलेलें आहे तो. त्यावरून हिंदी 'चीता' व मराठी 'चित्ता' हे शब्द आले, आणि इंग्रजांनींहि तोच शब्द उचलला. परंतु चितारलेलें अंग बिबळ्याचेंहि असतें. अमरसिंहानें 'द्वीपिन्' हा ठिपकेवाल्या श्वापदाचा शब्द 'व्याघ्र' या शब्दाच्या पर्यायांतच घातला आहे, यावरून ही सरमिसळ किती जुनी आहे तें कळेल. आपल्या खेड्यांतून पट्टेरी वाघ आणि बिबळ्या या दोहोंसहि 'वाघ' म्हणतात, लहान असला तर 'वाघरूं' म्हणतात, आणि बिबळ्यास 'चित्ता' म्हणणारे लोक आजहि पुष्कळ भेटतात. इंग्रज शिकारी याच्या उलट करीत. ते खऱ्या चित्त्यास 'शिकारी लेपर्ड' म्हणत आणि त्यांच्यांतले कित्येक बिबळ्यास खुशाल 'चीता' म्हणून लिहीत. फारसी लेखक मात्र या बाबतींत काटेकोर आहेत. चित्ता तो 'यूज' आणि बिबळ्या तो 'पलंग', हा भेद ते सहसा मोडीत नाहींत. (हा पलंग निजावयाचा नव्हे, हें सांगणें नलगे.) दुर्दैवानें आपण फारसी मूळ न पाहतां इंग्रजी भाषांतर पाहतों. ब्लॉकमन यानें १८७३ त प्रसिद्ध केलेल्या ऐने अकबरीच्या भाषांतरांत अकबराच्या चित्त्यांस जागोजाग 'लेपर्ड' म्हटलें आहे. त्याच्यावरून मराठी करणारानें बिबळ्या लिहिला तर दोष कोणाचा म्हणावा? भरीस भर म्हणून वैद्यकाच्या बाडांतहि 'चित्रक' येतो. पण तो एका औषधी झुडपाचें मूळ आहे, त्याचा श्वापदाशीं नांवापलीकडे संबंध नाहीं.

सारांश, नुसत्या शब्दावर भिस्त ठेवतां येत नाहीं. संदर्भ पाहावा लागतो. उल्लेख दोरीनें बांधलेल्या, गाड्यावर बसविलेल्या, डोळ्यांवर टोपी घातलेल्या जनावराचा असेल, त्यानें दिवसाढवळ्या उघड्या माळावर काळवीट धरलें असेल, तर तो निःसंशय खरा चित्ता होय. रात्रीं गोठ्यांत शिरून वासरूं किंवा कुत्रें नेणारा, झाडावर चढून बसणारा, डोंगरकपारींत राहणारा जो, तो बिबळ्या; मग कागदांत त्याचें नांव कांहींहि असो.

या कसोटीस उतरणारा भारतांतील सर्वांत जुना लेखी उल्लेख आपल्याच भागांतला मानला जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यांतील मराठी गीतांमुळें तो आपल्या वाचकांस चांगला परिचित आहे, व बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत त्याची छापील प्रतहि झालेली आहे. राजाचे जे वीस विनोद त्यांत सांगितले आहेत त्यांपैकीं मृगयेच्या विनोदांत चित्त्याकडून हरणें धरविण्याचा प्रकार आला आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ग्रंथकार हें नवें कौतुक म्हणून सांगत नाहीं. बाराव्या शतकाच्या आरंभीं ही विद्या दख्खनच्या दरबारांत मुरलेली होती, म्हणजे चित्ते धरणारे व शिकविणारे लोक त्यापूर्वींच तयार झालेले होते.

परंतु ही विद्या चालत कशी असे, हें तपशीलवार कळावयास साडेचार शतकें खालीं येऊन अबुल फजलकडे जावें लागतें. त्याचें वर्णन वाचून मन प्रसन्न होतें. आणि बारकाईनें पाहूं गेल्यास त्याच वर्णनानें मन सचिंतहि होतें. पूर्वीं चित्ते धरण्यासाठीं खोल खाडे खणून वर गवत पसरीत. त्यांस 'ओदी' म्हणत. त्यांत पडतांना जनावराचे पाय मोडत, व एका खाड्यांत एकाहून अधिक चित्ता सांपडत नसे. अकबरानें खाडा उथळ, दोनतीन गज खोलीचा, करविला आणि त्यास आपोआप मिटणारें दार बसविलें. एकदां थंडीच्या दिवसांत, जुगण्याच्या हंगामांत, एक मादी अशा खाड्यांत पडली आणि तिच्यामागें लागलेले सहा नर एकामागून एक तिच्या पाठोपाठ आंत उतरले. एका खाड्यांत सात चित्ते मिळाले. अबुल फजल ही गोष्ट बादशहाच्या कल्पकतेचें प्रमाण म्हणून सांगतो. पूर्वीं ज्यास शिकवावयास दोनतीन महिने लागत, तो चित्ता आतां अठरा दिवसांत तयार होतो, असेंहि तो अभिमानानें लिहितो. मग शिध्याचा हिशेब येतो : पहिल्या प्रतीच्या चित्त्यास रोज पांच शेर मांस, तेथपासून उतरत उतरत आठव्या प्रतीच्या चित्त्यास पावणेतीन शेर. रविवारीं पशुवध बंद असल्यामुळें शनिवारीं दुप्पट शिधा मिळे. इ. स. १५७२ त सांगानेरजवळ चित्रनजन नांवाच्या चित्त्यानें एक रुंद घळ उडी मारून ओलांडली व हरिण धरलें, तेव्हां बादशहानें त्यास चित्त्यांचा सरदार केलें आणि त्याच्यापुढें नगारा वाजवीत जावें असा हुकूम दिला.

बादशहापाशीं चित्ते होते तरी किती? जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत सांगतो कीं, वडिलांनीं एक हजार चित्ते जमविले होते. सरासरी चार शेर मांस धरलें तर रोजचें शंभर मण झालें. हा खर्च पाहून साम्राज्याच्या संपत्तीचें आश्चर्य वाटतें खरें, पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें वाक्य त्याच्या पुढचें आहे. या चित्त्यांची जोडी जुळावी अशी अकबराची फार इच्छा होती. त्यांस बागेंत मोकळें सोडूनहि पाहिलें. परंतु जुळली नाहीं. पुढें जहांगिराच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, एका नर चित्त्यानें गळ्यांतील पट्टा सोडवून घेतला, तो मादीकडे गेला, आणि अडीच महिन्यांनीं तीन बच्चे झाले व ते जगले. जहांगिरास ही गोष्ट नवलाची वाटली म्हणूनच त्यानें ती लिहून ठेविली, आणि त्याचें नवल यथार्थ होतें. बंदिवासांतील चित्त्याला पिलें झाल्याची यानंतरची नोंद १९५६ तील, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतील आहे. मध्यें सुमारें साडेतीनशें वर्षें गेलीं. या जातींत मादी एरवीं एकटी फिरते आणि नरांनीं तिचा पाठपुरावा करावा लागतो. अबुल फजलच्या खाड्यांतले सहा नर व जहांगिराचा पट्टा सोडवून गेलेला नर, हे दोन दाखले एकत्र ठेविले म्हणजे शेजारीं शेजारीं बांधून ठेवलेले हजार चित्ते वंध्य कां राहिले याचा उलगडा होतो. दोन्ही दाखले ग्रंथांत होते, पण कौतुकाच्या सदरांत.

हत्ती, घोडे, बैल हेहि दरबारांत बाळगलेलेच; पण घोड्यांची पैदास होते, बैलांची होते, आणि हत्तीची क्वचित् कां होईना होते. चित्त्याची नाहीं. म्हणजे दरबारांत दिसणारा एकूणएक चित्ता रानांतून उचललेला, आणि तो मेला कीं त्याच्या जागीं दुसरा रानांतूनच आणावयाचा. तोहि लहान बच्चा चालत नसे. शिकार करण्याचें शिक्षण चित्त्याला त्याची आई सुमारें दीड वर्ष देते. माणसाला तें देतां येत नाहीं. माणूस शिकवी तें एवढेंच कीं धरलेलें सोड आणि परत ये. म्हणून चित्तेवान नेहमीं रानांत शिकून तयार झालेलें, भर वयांतलें जनावर शोधीत. म्हणजे जें रानांत प्रजा वाढविणार तेंच नेमकें उचललें जाई. हें ध्यानांत घेतल्यावर दरबारी चित्त्यांचा आंकडा सहवासाचा निदर्शक राहत नाहीं. तो वजाबाकीचा आंकडा आहे. आणि ती वजाबाकी सोमेश्वराच्या काळापासून बंदुकीच्या आधीं किती तरी शतकें चालूं होती. या देशांत चित्ता कधींच विपुल नसावा, असा आमचा तर्क आहे. उघड्या माळावर फिरणारें व थोडक्या टापूंत न मावणारें तें जनावर आहे. अशा जातीस ही कायमची गळती सोसणें कठीण गेलें असल्यास नवल नाहीं.

चित्ते धरणारे लोक कोण, हा प्रश्न दरबारी ग्रंथांनीं जवळजवळ वगळला आहे. तें काम पारध्यांचें. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ त मध्यप्रांताच्या जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत पारध्यांच्या शाखांमध्यें 'चित्तेवाले' ही एक शाखा सांगितली आहे. फांसेपारधी फांस लावून जनावर धरीत, त्यांच्याच जवळचे हे. यांची युक्ति अबुल फजलच्या खाड्याहून फार सोपी आणि फार खोल होती. माळावर एखादें ठराविक झाड असतें. तेथें टापूंतले चित्ते पुनःपुन्हां येतात, खोडावर नखें घासतात, मुतून खूण ठेवतात. पारधी तें झाड ओळखी आणि त्याच्या बुडाशीं फांस मांडून दूर बसे. हें ज्ञान पुस्तकी विद्वानांस अलीकडेपर्यंत नव्हतें. नामिबियांतील शास्त्रज्ञांनीं गळपट्ट्यांतील यंत्रांच्या साह्यानें अशींच झाडें म्हणजे चित्त्यांचीं निरोप ठेवण्याचीं ठिकाणें होत असें दाखवून २०२० त निबंध लिहिला; त्यांचा हेतु गुरें त्या ठिकाणांपासून दूर राखावीं व गुराखी आणि चित्ता यांचें वैर कमी व्हावें असा होता. जें आपल्या पारध्यास बापाकडून मिळालें होतें तेंच हें. मात्र त्या पारध्याचें आपण काय केलें? १८७१ च्या कायद्यानें सबंध जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ झाला आणि पुढें पारध्यांच्या शाखाहि त्या यादींत आल्या. चित्त्याविषयीं सर्वांत अधिक ज्यांस ठाऊक होतें त्यांचा शब्द ऐकून टिपण्याचें कोणास सुचलें नाहीं. त्यांच्याविषयीं लिहिलेले कागद विपुल आहेत, पण ते पोलिसांचे.

आतां शिकारीचा प्रकार. चित्त्यास डोळे झांकून बैलगाडीवर बसवीत व गाडी माळावर काळविटांच्या कळपाकडे हळूहळू नेत. घोडेस्वार दिसला कीं काळवीट पळतें, पायीं माणूस संशयानें जवळ आला तरी पळतें. गाडीस मात्र तें भीत नसे. कुणब्याच्या गाड्या रोज त्याच वाटेनें जात-येत आणि त्यांनीं त्याचें कधीं कांहीं बिघडविलेलें नव्हतें. अशा रीतीनें गाडी सुमारें शेंदीडशें वावांवर आली म्हणजे टोपी काढून चित्ता सोडीत. धांव थोडकीच, तेवढ्यांत साधलें तर साधलें, नाहीं तर चित्ता बसून राही. साधलें तर चित्तेवान धांवत जाऊन हरणाचा गळा चिरी, लांकडी पळींत रक्त घेऊन चित्त्यापुढें धरी, आणि तो तें चाटीत असतां पुन्हां टोपी चढवी. या सर्व खेळांत माणूस आणि वन्य प्राणी यांच्या खऱ्या सहवासाचें चिन्ह कोठें असेल तर तें त्या बैलगाडीपाशीं आहे, चित्तेखान्यांत नव्हे. काळवीट गाडीस भीत नव्हतें, कारण शेतकरी आणि काळवीट एकाच माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. दरबारानें त्या विश्वासाचा उपयोग करून घेतला.

तो माळ आपल्या दप्तरांत कुरण, गायरान, पडीक अशा नांवांनीं येतो. घोडदळासाठीं राखलेल्या कुरणांचे कागद पेशवेकालीन दप्तरांत पुष्कळ आहेत आणि ते आजवर गवताच्या व वैरणीच्या दृष्टीनेंच वाचले गेले. राखलेल्या कुरणांत काळवीट टिकत असेल व जेथें काळवीट तेथें चित्ता, हा तर्क उघड आहे. परंतु तो अद्याप कोणी कागदांवर घांसून पाहिलेला नाहीं. इंग्रजी अमलांत हीच जमीन सारा न देणारी म्हणून 'पडीक' ठरली व नांगराखालीं गेली. माळास निरुपयोगी म्हणण्याची ती संवय सरकारी भाषेंतून अजून पुरती गेलेली नाहीं. नगरकडील रेहेकुरी किंवा सोलापुराजवळील नान्नज येथें काळविटांसाठीं व माळढोकासाठीं राखलेल्या रानाकडे पाहिलें म्हणजे दख्खनच्या जुन्या माळाची थोडीशी कल्पना येते.

पुण्याच्या शिकारखान्याचा उल्लेख येथें ओघानेंच येतो. पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांनीं बाळगलेलीं जनावरें प्रसिद्ध आहेत. रेसिडेंट मॅलेट याच्या पदरचा चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट यानें त्यांतील सिंह व गेंडा यांचीं चित्रें काढलीं. गेंड्याचें चित्र नोव्हेंबर १७९० चें असून तें आतां अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहे. हीं चित्रें समोर जनावर ठेवून काढलेलीं आहेत आणि म्हणून अस्सल पुराव्याच्या योग्यतेचीं आहेत. परंतु शिकारखान्यांतील प्रत्येक 'चित्ता' हा खरा चित्ताच होता, असें शब्दावरून धरूं नये. वर सांगितलेली कसोटी तेथेंहि लावावी.

इंग्रजी अमलांतील हिंस्र श्वापदांवरील बक्षिसांच्या याद्यांविषयींहि हेंच म्हणावें लागतें. या याद्यांत चित्त्याचीहि गणना होई. चित्ता माणसास अपाय करीत नाहीं. भारतांत त्यानें मनुष्याचा जीव घेतल्याचें नोंदलेलें प्रकरण एकच, १८८० तील, आणि तेंहि रानांतल्या चित्त्याचें नव्हे. विजयनगरमच्या राजाच्या पाळीव चित्त्यानें विशाखापट्टणच्या एका इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या वेळीं जखमी केलें व तो त्यांतच मेला. तरी बक्षीस लागलें तें लागलेंच. या याद्यांतील 'चीता' किती ठिकाणीं खरा व किती ठिकाणीं बिबळ्या, हें जिल्ह्याजिल्ह्यानें पारखल्यावांचून त्यांच्या बेरजा मारणें व्यर्थ आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं रानांत चित्ता इतका दुर्मिळ झाला कीं चित्तेखाने चालविणाऱ्या संस्थानिकांस तो मिळेना. यावर त्यांनीं जो उपाय केला तो आजच्या चर्चेंत बहुधा विसरला जातो. कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले; ही आयात १९१८ पासून १९४५ पर्यंत चालूं होती. कोल्हापूरच्या चित्तेवानांनीं परदेशी जनावरास तेंच जुनें शिक्षण दिलें आणि तें त्यानें घेतलें. आफ्रिकेंतील चित्ता या भूमीवर प्रथम २०२२ त आला, असें जें लिहिलें जातें तें म्हणूनच बरोबर नाहीं. फरक आहे तो हेतूंत. आणखी एक गोष्ट या आयातीवरून सिद्ध होते. त्या काळच्या छायाचित्रांत संस्थानिकांपाशीं उभे असलेले चित्ते पाहून 'तोंपर्यंत आपल्याकडे चित्ते होते' असें अनुमान काढतां येत नाहीं. बहुधा उलटच अनुमान निघेल.

रानांतल्या चित्त्याचा शेवट सर्वविश्रुत आहे. १९४७ त कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रतापसिंह देव यांनीं रात्रीं मोटारीच्या उजेडांत तीन नर चित्ते मारले. त्याची हकीकत मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत १९४८ सालीं आली आणि संपादकांनीं तिच्याखालीं कडक शब्दांत निषेध नोंदविला. १९५२ त चित्ता भारतांतून नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. त्या एका रात्रीवर आणि त्या एका राजावर सगळा दोष लोटण्याची रीत पडली आहे. ती सोयीची आहे एवढेंच. कारण शेवटचे तीन मारणारा सांपडला कीं त्याच्या आधींच्या हजारोंचा हिशेब कोणी विचारीत नाहीं.

नष्ट झालेलें श्वापद परत आणण्याचा खटाटोप कुनोच्या भागांत पहिल्यानें झाला तो चित्त्याचा नव्हे आणि आजचाहि नव्हे; तो मराठी राज्यकर्त्यानें केलेला आहे. हा मुलूख ग्वाल्हेर संस्थानांतला. शिलालेखांच्या अभ्यासकांस दुबकुंड हें ठिकाण विक्रम संवत् ११४५ च्या लेखामुळें माहीत असेल. त्याच ठिकाणाजवळच्या रानांत माधवराव शिंदे यांनीं, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून, विसाव्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंतील सिंह आणून उंच भिंतींच्या आवारांत ठेविले आणि पुढें मोकळे सोडले. सिंहांनीं गुरें मारलीं, मग माणसें मारलीं. कांहीं गोळीस बळी पडले, कांहीं दूरवर पांगले, आणि प्रयोग फसला. सिंह आणले, भिंती बांधल्या, शिधा दिला. पण त्या रानांत गुरें चारणाऱ्या लोकांस कोणी कांहीं विचारलें होतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं ग्वाल्हेर दरबारचे त्या वर्षांचे कागद पुन्हां एकदां चाळले पाहिजेत.

त्यानंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं गीरचे सिंह आणावयाचे म्हणून याच कुनोंतून चोवीस गांवें उठविण्यांत आलीं. त्यांत सहरिया लोकांची वस्ती मोठी होती. सिंह आले नाहींत. २०१३ त सर्वोच्च न्यायालयानें सिंह द्यावे असा हुकूम केला, आणि त्याच निकालानें आफ्रिकेंतून चित्ते आणण्याची योजना थांबविली. २०२० त न्यायालयानेंच ती प्रयोगादाखल करण्यास मोकळीक दिली. अशा रीतीनें सिंहासाठीं रिकाम्या केलेल्या रानांत चित्ते येऊन राहिले. फेब्रुवारी २०२३ त दक्षिण आफ्रिकेंतून आणखी बारा आले. ते आशियाई जातीचे नव्हेत. ती शाखा आतां इराणांतच, तीहि अत्यल्प, उरली आहे. मार्च २०२३ त एका मादीस चार बच्चे झाले, व मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यांत त्यांपैकीं तीन दगावले. त्याच पावसाळ्यांत गळपट्ट्याखालच्या जखमांत किडे पडून दोन नर मेले व सर्वांचे पट्टे तपासावे लागले. जहांगिराच्या चित्त्याची गोष्ट ज्यांनीं वाचली आहे त्यांस पट्टा ही किती निर्णायक वस्तु आहे हें निराळें सांगावयास नको. चारांपैकीं जगलेली मादी वाढली, आणि नोव्हेंबर २०२५ त तिला स्वतःस पांच बच्चे झाले. बादशाही चित्तेखान्यास जें साधलें नाहीं तें येथें दुसऱ्या पिढीपर्यंत आलें. ही गोष्ट, पुढें कांहींहि घडो, नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

या विषयास लागणारी साधनें अद्याप खासगी संग्रहांत पडून असतील, असा आमचा भरंवसा आहे. विशेषतः संस्थानी जमाखर्चाच्या वह्यांत चित्त्यांचा शिधा, गाड्यांची डागडुजी, टोप्यांचें व पट्ट्यांचें कातडें, चित्तेवानांचे रोजमुरे आणि पारध्यास दिलेलें बक्षीस अशा बाबी निघाल्यास त्या क्षुल्लक म्हणून वगळूं नयेत. पारध्यास बक्षीस दिल्याची एक ओळ, तींत गांव आणि तिथि असेल तर, शिकारीच्या दहा वर्णनांहून अधिक मोलाची आहे. कारण तेवढ्यावरून रानांतला चित्ता कोठें आणि केव्हां होता हें ठरतें. एका चित्त्याचें नांव वहींत प्रथम केव्हां येतें व शेवटचें केव्हां, हें लावतां आलें तर बंदिवासांत तो किती वर्षें जगे आणि त्याच्या जागीं नवा किती दिवसांनीं येई हेंहि कळेल. जुनीं चित्रें ज्यांच्यापाशीं आहेत त्यांनीं जनावराचें तोंड पाहावें. खऱ्या चित्त्याच्या डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यापासून ओंठापर्यंत काजळाची रेघ उतरलेली असते. बिबळ्यास ती नसते. इंग्रज चितारी स्टब्ज यानें १७६४ च्या सुमारास मद्रासेहून इंग्लंडास गेलेल्या चित्त्याचें, लाल टोपी व दोन हिंदी सेवकांसह, जें चित्र काढलें आहे तें तुलनेस उपयोगी पडेल. वाड्यांतून भिंतीवर टांगलेल्या कातड्यांची परीक्षा तर आणखी सोपी आहे. ठिपका भरीव, एकेकटा आणि काळा असला तर चित्ता. ठिपक्यांचीं फुलें होऊन मध्यें पिंवळा रंग राहिला असला तर बिबळ्या. नखें शाबूत असल्यास तीं बोथट आहेत कीं आंकडेदार हेंहि पाहावें, आणि कातडें कोणत्या गांवचें, कोणत्या सालचें, हें घरांतील वृद्धांस विचारून मागच्या बाजूस लिहून ठेवावें.